कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणि वसमतहून दळून आणलेली हळद, दोन्हीचा आठ महिन्यांचा अनुभव

आई ७१ वर्षांची आहे, परभणीत आमच्याकडंच असते, माहेर वसमत तालुक्यातलं. मागच्या दिवाळीपासून तिचं विसरणं वाढलं. चष्मा कुठं ठेवला हे आपण सगळेच विसरतो, तसलं नाही. वरणात मीठ दोनदा पडायचं, हरिपाठ म्हणता म्हणता मधेच थांबायची आन् पुढची ओळ माझ्या तोंडाकडं बघून शोधायची, जो हरिपाठ तिला लहानपणापासून पाठ आहे. एका संध्याकाळी माझ्या पोरीला माझ्या बहिणीच्या नावानं तीनदा हाक मारली आणि पोरगी म्हणाली आजी मी नाही ती, तर आई एकदम गप झाली, जेवलीच नाही. त्या रात्री मी मोबाईल घेऊन बसलो ते दोन वाजेपर्यंत, आणि तुम्ही एकदा असलं काही शोधलं की पुढं जाहिराती काय सुरू होतात ते सांगायला नको. त्यातनंच मी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतनं काढलेल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूल मागवल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये, आणि जे मी सांगणार आहे ते बऱ्याच डब्यांना लागू पडेल.

६० कॅप्सूलचा डबा, ८९९ रुपये. एका कॅप्सूलमधी ५०० मिलीग्रॅम हळदीचा अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड म्हणजे कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद, सोबत ५ मिलीग्रॅम मिरीचा अर्क. दिवसाला दोन घ्या म्हणून लिहिलेलं. पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र, त्याला हळकुंडाची फांदी फुटलेली, आणि मोठ्या अक्षरात मेंदू आन् सांधे दोन्हीसाठी. मागच्या बाजूला एकदम बारीक, मला चष्मा लावूनपण मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं, की हे औषधी वापरासाठी नाही. हे वाक्य सप्लिमेंटवर छापावंच लागतं, कायदा आहे तसा, पण मी ते डबा अर्धा संपल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

माल खोटा होता का, तर नाही, हे पण खरं सांगतो. ते आईनंच तपासलं. मी एक कॅप्सूल फोडून तिला दाखवली, म्हणलं बघ माय हळदीतलं सत्त्व काढलंय ह्यात. तिनं बोटावर घेऊन वास घेतला, म्हणाली, "ह्याला वासच न्हाई की रं हळदीचा." मग म्हणाली शेजारच्या मामांच्या डबीतला चुना घेऊन ये. बशीत ती भगवी पूड, त्यावर चुना, दोन थेंब पाणी, आणि बोटानं फिरवलं तर रंग असा लालभडक झाला की बशी पुसली तरी कडेला राहिला. कुंकू पूर्वी असंच करायचे, हळद आणि चुना, आजी घरी करायची म्हणे. कर्क्युमिन हाच तो हळदीचा पिवळा रंग आहे आणि चुन्यासारख्या क्षारात तो लाल होतो, म्हणजे कॅप्सूलमधी माल होता, आणि भरपूर होता. वास नव्हता कारण वास येतो हळदीतल्या तेलातनं, आणि अर्क काढताना तेल वेगळं होऊन जातं. मला त्या वेळी आईचं बोलणं नुसतं कौतुकाचं वाटलं, आज वाटतं तिनं एका वाक्यात फरक सांगितला होता, की ही हळद नाही, हळदीतनं काढलेली एक वेगळीच वस्तू आहे.

आता ह्या वस्तूबद्दल मी जे वाचलं, डॉक्टरला विचारलं, माझी भाची फार्मसीला आहे तिच्याकडनं समजून घेतलं ते सांगतो, कारण ८९९ रुपये खर्च करायच्या आधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कर्क्युमिन सूज कमी करतं हे काही थाप नाही. अंगात कुठं दुखापत किंवा बिघाड झाला की पेशींमधी सुजेचे निरोप देणारी एक यंत्रणा चालू होते, तिला कर्क्युमिन आडवं जातं असं प्रयोगशाळेत कितीदा तरी दिसलंय. मेंदूतपण म्हातारपणी अशीच बारीक सूज धुमसत राहते आणि अल्झायमरमधी चिकट प्रोटीनचे थर साचतात, काचेच्या नळीत आणि उंदरांत कर्क्युमिननं ते थर कमी केलेत. इथपर्यंत सगळं छान. अडचण पुढं आहे. हे पाण्यात विरघळत नाही, आतड्यातनं रक्तात जातच नाही नीट, जे जातं ते लिव्हर लगेच रूप बदलून बाहेर काढतं. म्हणजे नळीत जे घडतं ते घडायला जेवढं लागतं तेवढं मेंदूपर्यंत पोचायचं कसं? १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या लोकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तर रक्तात ते सापडेना किंवा अगदीच नावाला सापडलं, आणि सोबत २० मिलीग्रॅम पिपरीन म्हणजे मिरीतला तिखट घटक दिला तर २००० टक्के वाढलं. आता तुम्ही कुठलाही डबा उचला, हा २००० टक्के आकडा त्यावर असतोच. माझ्या डब्यावरपण होता. पण जवळजवळ शून्याचे वीसपट म्हणजे किती हे भाचीनं मला विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, शिवाय तिथं मिरीतला घटक २० मिलीग्रॅम होता आणि माझ्या कॅप्सूलमधी मिरीचा अर्कच सगळा ५.

मग माणसांवर काही झालंय का, तर झालंय, आणि दोन्हीकडचं सांगतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ४० लोकांवर अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला, त्यात शरीरात जास्त शिरेल असं बनवलेलं खास कर्क्युमिन ९० मिलीग्रॅम दिवसातनं दोनदा, १८ महिने दिलं आणि त्या लोकांची स्मरणशक्ती चाचणीत सुधारली. पण ते लोक डिमेन्शियाचे पेशंट नव्हते, वयानं थोडं विसरणारे होते, आणि ४० म्हणजे आपल्या गल्लीत हळदीकुंकवाला जमतात तेवढ्या बायका. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी, २०१२ मधी, खऱ्या अल्झायमरच्या पेशंटना २ ग्रॅम आणि ४ ग्रॅम रोज देऊन २४ आठवडे बघितलं होतं, काही फरक पडला नाही. मी ज्या जाहिराती बघितल्या त्या सगळ्यांत २०१८ चा अभ्यास होता, २०१२ चा कुठंच नव्हता.

गुडघ्याचं मात्र जरा वेगळं आहे. थायलंडमधी गुडघ्याच्या संधिवाताचे ३६७ पेशंट घेऊन निम्म्यांना हळदीचा अर्क रोज १५०० मिलीग्रॅम आणि निम्म्यांना आयबुप्रोफेन १२०० मिलीग्रॅम चार आठवडे दिलं, तर आराम जवळपास सारखाच पडला आणि पोटाचा त्रास हळदवाल्यांना कमी. आईच्या बाबतीतपण, प्रामाणिकपणे लिहितो, दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली जिना उतरताना बरं वाटायलंय. हे मी लपवणार नाही. थंडी कमी झाली म्हणून का कॅप्सूलनं ते मला सांगता येत नाही, पण म्हणाली हे खरं. विसरण्यात काडीचा फरक नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात घोळ झाला. बांगड्या भरताना तिच्या मनगटाच्या वर निळा डाग दिसला, कासाराचा हात लागला असेल म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी दंडावर, मांडीवर, आणि ब्रश करताना हिरड्यातनं रक्त. आईला दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ राहायच्या दोन गोळ्या रोज चालू आहेत. मी हे कॅप्सूल मागवताना कुठं विचारलं नाही, वेबसाइटनंपण विचारलं नाही, माझी चूक मी मान्य करतो, हळदच तर आहे, रोज खातोच की, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर डबा बघून म्हणाले की डाग तुमच्या चालू गोळ्यांनीपण पडू शकतात, पण कर्क्युमिनपण रक्ताच्या गाठी धरण्यात आडवं येतं, त्यात ही भर कशाला, आणि दुसरं म्हणजे ती मिरी. मिरीचा अर्क आतड्यात आणि लिव्हरमधी औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेचा वेग कमी करतो, म्हणूनच कर्क्युमिन रक्तात टिकतं, पण मग बाकीची औषधंपण ठरल्यापेक्षा जास्त टिकू शकतात, बीपीची, फिटची, कसलीपण. ज्याच्यामुळं डब्यावर २००० टक्के छापतात त्याच्यातच धोकापण आहे. हे मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नाही. पित्ताशयात खडे असतील त्यांनीपण लांब राहा म्हणाले.

लिव्हरचं तर मला माहीतच नव्हतं. अमेरिकेत औषधांनी लिव्हर बिघडलेल्या पेशंटची नोंद ठेवणारा डॉक्टरांचा एक गट आहे, त्यांनी २०२२ मधी हळदीच्या सप्लिमेंटनं लिव्हर बिघडलेले १० पेशंट मांडले, त्यातला एक गेला. १० पैकी ७ जणांमधी एक ठराविक जीन सापडला, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, पण आपल्यात तो जीन आहे का हे आपल्याला कुठं ठाऊक असतं. आईचं लिव्हरचं रक्त तपासलं, नॉर्मल आलं, तोपर्यंतचे ते दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

हिशोब मी नंतर कागदावर मांडला तो देतो. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के, ३ धरा. घरात एका माणसाच्या पोटात दिवसाला दोन-तीन ग्रॅम हळद जाते, म्हणजे ६० ते ९० मिलीग्रॅम कर्क्युमिन. खाण्यातल्या रंगांवर देखरेख करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीनं रोजची सुरक्षित मर्यादा ठरवलीय किलोमागं ३ मिलीग्रॅम, आई ५८ किलो, म्हणजे १७४. आणि दोन कॅप्सूल म्हणजे ९५०. "रोज खातोच की" ह्या माझ्या वाक्यात हा दहा पटीहून जास्तीचा फरक बसला होता, आणि सुरक्षित मर्यादेच्यापण ते पाच पट होतं.

कंपनीला मी मेल केला, दोनच गोष्टी विचारल्या, ह्या लॉटचा शिशाचा आणि इतर धातूंचा तपासणी अहवाल पाठवा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी घेऊ नये हे डब्यावर का नाही. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे. धोतऱ्याचं बीपण नैसर्गिकच असतं की दादा. कॅप्सूलला ५ पैकी २, ते दोन पण खरा माल भरला म्हणून.

आणि विसरण्याचं काय, तर ज्या डॉक्टरनं कॅप्सूल बंद केल्या त्यांनीच विचारलं की माळ आहे का गळ्यात? आहे. दूध किती घेता? चहातलं. त्यांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावलं. बी-१२ फारच कमी निघालं. मांसमच्छी न खाणाऱ्या वयस्कर माणसात हे लै वेळा निघतं म्हणे, आणि त्यानं विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, आणि आई मुंग्यांचं कधीची सांगत होती, आम्ही शुगर शुगर करत बसलो. इंजेक्शनं सुरू केली. चार महिन्यात हरिपाठ परत सलग म्हणायला लागलीय. नावं अजून चुकते कधीमधी, मेंदूच्या डॉक्टरकडं पुढची तारीख आहे, सगळंच त्या बी-१२ मुळं होतं असं मी म्हणत नाही. पण तपासणी कॅप्सूलच्या डब्यापेक्षा फार महाग नव्हती, आणि ती मी दिवाळीतच करायला पाहिजे होती. घरात कुणी विसरायला लागलं तर आधी हे करा, हात जोडून सांगतो.

आता हळदीकडं येतो, कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं.

कॅप्सूल बंद केल्यावर आई म्हणाली मला वसमतला घेऊन चल, हळद आणू, ही पाकिटातली बंद कर. मार्च संपत आलेला, म्हणजे ऐन हंगाम, हळद नऊ महिन्यांचं पीक, काढणी करून शिजवून वाळवून माल बाजारात यायची तीच वेळ. परभणीहून निघून वसमत जवळ आलं की गाडीच्या काचा खाली करा, शिजत्या हळदीचा वास येतो, मातीचा आणि कापराचा मिळून असतो तसा. आईचा चेहराच बदलला. तिच्या माहेरी काहिलीत शिजवायचे, आता लोखंडी कुकर आलेत, वाफेवर एका दमात भरपूर शिजतं, पण खूण तीच, काडी टोचली की आरपार गेली पाहिजे. कमी शिजली तर आतला रंग एकसारखा होत नाही, जास्त शिजली तर रंग मरतो. ती मला हे सगळं सांगत होती, सलग, न अडखळता, कोणत्या मामाचं शेत कुठं होतं ते पण.

दुकान म्हणजे मोंढ्याच्या बाजूला एका गल्लीत कांडप गिरणी आणि पुढं चार पोती, बोर्डपण धड नाही. मालक साठीचे. सेलम जातीची कांडी १८० रुपये किलो सांगितली, दळून वेगळे २५. पोत्यात हात घालू दिला, हवी ती निवडू दिली. आईनं एक कांडी उचलली आणि मोडली, टक्क आवाज आला. आवाज असा कडक आला तर वाळलीय, वाकून तुटली तर ओल आहे. तुटलेल्या जागी शिंगासारखी चकाकी आणि मधनं कडेपर्यंत एकच केशरी रंग, म्हणजे शिजवण बरोबर. एका पोत्याला ती नाही म्हणाली, मालक म्हणाले, "मावशी, ते पोतं मी तुमाला देणारच नव्हतो, ते पॉलिश जास्त झालेलं हाय, दिसायला चांगलं, तेवढंच." मला ते आवडलं. पॉलिशच्या ड्रममधी वरची साल जाते ते ठीक, पण नुसत्या पिवळ्या तकाकीला भुलू नका, कधी कधी वरनं रंग मारलेला असतो.

रंगाचं मी गंभीरपणे सांगतोय. बांगलादेशात २०१९ मधी अमेरिकन संशोधकांनी शोधून काढलं की हळद चमकदार दिसावी म्हणून लेड क्रोमेट लावत होते, म्हणजे शिसं, आणि गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं तिथनं आलं होतं. शिसं पोरांच्या मेंदूची वाढच खुंटवतं. मेंदू जपायला म्हणून हळद खायची आणि त्याच डब्यातनं मेंदूचा शत्रू आत घ्यायचा, ह्याच्यापेक्षा वाईट काय. म्हणून मी म्हणतो अख्खी कांडी घ्या, मोडून बघा, समोर दळा. दळलेली पूड घेतलीच तर ग्लासभर पाण्यात चमचाभर न ढवळता टाका, चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, पाणी गडद पिवळं झालं तर संशय घ्या. ह्यानं शिसं कळेलच असं नाही, त्याला लॅबच लागते, पण ढोबळ भेसळ कळते.

गिरणीत डंक, म्हणजे वरनं आदळून कुटणारे मुसळ आहेत, चक्की नाही, त्यामुळं हळद फार तापत नाही आणि वासाचं तेल उडून जात नाही. पाच किलोला पाऊण तास लागला. आई तिथं बाकड्यावर बसून बघत होती, हवेत पिवळी धूळ, तिच्या पांढऱ्या केसांवर, पदरावर, आणि मालकांनी न मागता चहा दिला. वजन माझ्यासमोर केलं, घट किती आली तेपण सांगितलं.

एकच तक्रार, धुळीसाठी पंखा किंवा फडकं तरी पाहिजे, दम्याच्या माणसाला तिथं उभं राहवणार नाही. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. ५ पैकी साडेचार.

वसमतच्या हळदीला २०२४ मधी जीआय मानांकन, म्हणजे ही त्याच भागाची खास वस्तू अशी सरकारी मोहोर, मिळालंय, सांगलीला २०१८ लाच मिळालं होतं, आपल्याकडं जरा उशीरच झाला. मानांकनाचं नाव वापरून आता बरीच पाकिटं निघतील, म्हणून तर म्हणतो जमल्यास तिथं जाऊन घ्या. १९९७ मधी अमेरिकेतलं हळदीचं पेटंट शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनं भांडून रद्द करून आणलं, जखमेवर हळद लावायची हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं म्हणून, आणि आपण मात्र हळदीला पोतं न बघता पाकीट घेतो.

वापरायचं कसं, तर आई करते तसं. तेल तापलं, मोहरी तडतडली, की हळद तेलात, मग भाजी. पाण्यात टाकली तर तळाला जाऊन बसते, तेलात टाकली की रंग एका क्षणात सगळीकडं पसरतो, कारण कर्क्युमिन तेलातच विरघळतं. आमटीत चार मिरे. ह्यानं आईची आठवण परत येईल असं मी कुणाला सांगणार नाही. तिच्या डॉक्टरनंपण स्वयंपाकातली हळद बंद करायला सांगितली नाही, फक्त त्या कॅप्सूल, आणि दुधात चमचा चमचा ढवळून प्यायचा प्रकार नको म्हणाले.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, लग्नसराईत दुपारी गर्दी असते. आणि स्टीलचा डबा न्या. दळलेली हळद कोमट असते, प्लास्टिकच्या पिशवीत भरली की आत घाम धरते आणि आठ दिवसात गुठळ्या होतात, आमची पहिली एक किलो अशीच गेली. घरी आल्यावर डबा खिडकीत ठेवू नका, उन्हानं रंग उडतो. आईनं तिचा डबा फडताळात सगळ्यात खाली, पोह्यांच्या मागं ठेवलाय, आणि कुठं ठेवलाय ते अजून एकदाही विसरली नाही.